या घराला वाळवी नाही

२ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे! बाबा, मी, दोन ट्रंका, बाबांचं शिलाई मशीन आणि माझी हत्यारांची पिशवी. टेम्पोवाला सामान उतरवताना कुरकुरत होता, तर बाबांनी त्याच्या शर्टाकडे निरखून बघितलं आणि सांगितलं की ही कॉलर ज्याने बसवली त्याला आधी तुरुंगात बसवा. टेम्पोवाला हसला आणि मशीन स्वतः आत नेऊन ठेवलं. जन्मभर शिंपीकाम केलेल्या माणसाला जगात कुठेही सोडा, तो आधी कॉलरी बघतो.

नोकरीही माझ्या हातची आहे. इतकी वर्षं कंपनीसाठी दारोदार फिरले, लोकांच्या माळ्यांवर चढले, मोऱ्यांमागे रांगले, अंगाला औषधाचा वास लावून घेतला आणि त्या वासापायी वहिनीचे टोमणे खाल्ले. आता एकच घर सांभाळायचं. उताराच्या रस्त्यावरचं हे शेवटचं घर. लाकडी जमीन, लाकडी जिना, भिंतींना कमरेपर्यंत लाकडी फळ्या. वाळवीला हे म्हणजे वाढलेलं ताट. त्या ताटावर तिला बसू द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

राहायला अंगणाच्या टोकाला स्वतंत्र खोली आहे. मुलाखतीत मी चाचरत बाबांचा विषय काढला होता, की वडील म्हातारे आहेत, माझ्याशिवाय त्यांचं कोणी नाही. दादा आहे खरा, पण त्याच्याकडे बाबा जिन्याखाली झोपायचे. मला वाटलं, गेली नोकरी. पण मालकीणबाईंचा चेहरा उलट उजळला. "घेऊनच या," म्हणाल्या, "एकटं माणूस तिथे टिकत नाही."

खोली सगळी लाकडाची आहे, काड्यापेटीसारखी. खिडकी पूर्वेला. बाबांनी मशीन खिडकीशी लावलं, पॅडल हलवून बघितलं आणि जाहीर केलं की आता मला इथून चौघांच्या खांद्यावरच न्या. मी रागावले. मग दोघंही हसलो.

५ फेब्रुवारी

आज मोठ्या घराची पहिली तपासणी. सकाळी सुरुवात केली ती दुपार कलेपर्यंत चालली. आधी बाहेरून जोतं बघितलं. वाळवी उजेडात येत नाही. जमिनीतून भिंतीवर चढायचं तर स्वतःभोवती मातीची नळी बांधत येते, पेन्सिलीएवढी जाड. ती नळी सापडली की समजायचं, चोर घरात आहे. मग आत. चौकटींचे पाय, जिन्याखालची बाजू, पाण्याच्या नळांमागची जागा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं आणि कान द्यायचा. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं. खाल्लेलं लाकूड वरून रंगबिंग लावून शहाण्यासारखं उभं असतं, पण ठोकलं की भद्द वाजतं.

या घरातला तुकडान् तुकडा खणखणीत. असं घर मी आजवर बघितलेलं नाही. जोत्याला औषध भरल्याच्या खुणाही नाहीत, म्हणजे ड्रिलची भोकं कुठेच नाहीत. मग हे घर वाचलं कसं?

मालकीणबाई सगळा वेळ मागे मागे होत्या. मी कशाला हात लावला की त्या फडक्याने ती जागा पुसायच्या. त्यांच्या सूनबाईंनी पाणी दिलं ते अंगणात उभं राहून प्यायला लावलं. शेवटी मी कौतुकाने म्हटलं, या घराला वाळवी नाही. त्या म्हणाल्या, माहीत आहे.

असो. माणसं सोवळी असतात. पगार सोवळा नसतो.

९ फेब्रुवारी

रस्त्याची ओळख करून घ्यायला निघाले. लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग एकमेकांकडे. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात गर्दी होती, ती मी शिरल्यावर मिटल्या छत्रीसारखी भिंतीला लागली. साखर घेतली. सवयीने नजर गेली तर त्याच्या दाराच्या चौकटीचा पाय खालून भुसा झालेला. समोरच्या घराच्या खिडकीवर मातीच्या नळ्या अशा चढलेल्या, जणू वेलच. बाजूच्या फाटकाची तीच गत. हा अख्खा रस्ता वाळवीने पोखरलाय, आणि टोकाला एक घर धुतल्या तांदळासारखं!

मी वाण्याला म्हटलं, शेजारी म्हणून फुकट बघून देते. तो म्हणाला, आता कशाला, तुम्ही आलात ना मागच्या खोलीत. मागे कोणीतरी फसकन हसलं. तो सुटे परत देताना पैसे फळीवर ठेवून मागे सरकला. माझ्या हाताला त्याचा हात लागू नये म्हणून.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, तुझ्या औषधाचा वास येत असेल.

१३ फेब्रुवारी

मी मूर्ख आहे. दुसऱ्यांच्या घरात टॉर्च मारत फिरते आणि स्वतःच्या पलंगाखाली वाकून बघत नाही.

सकाळी बाबांची सुई पडली. शोधायला वाकले तर त्यांच्या पलंगामागच्या भिंतीवर नळ्याच नळ्या. ओल्या, ताज्या. एक मोडली तर आत पांढऱ्या किड्यांची धावपळ. मग सगळी खोलीच तपासली. फळ्या थेट मातीत रोवल्यात. मधे दगड नाही, सिमेंट नाही. लाकूड अगदी हलकं, मऊ, नखाने उकरेल असं. बाहेरच्या बाजूला एक नळ भिंतीलगत थेंब थेंब गळत ठेवलाय आणि भोवती पुठ्ठे पुरलेत. वाळवी येऊ नये म्हणून आम्ही गिऱ्हाइकांना जे जे करू नका असं सांगतो ते सगळं इथे कोणीतरी नीट, विचार करून केलंय.

नळ घट्ट बंद केला, पुठ्ठे उपसून काढले. दुपारी बघते तर माळी पुन्हा नळ सोडून, पुठ्ठे पुरून माती थोपटतोय. मी विचारलं, हे काय चाललंय. त्याने फावडं माझ्या पायाशी आपटलं.

मालकीणबाईंकडे गेले. खोलीला औषध मारायला हवं असं सांगितलं. त्या म्हणाल्या, औषध घरासाठी आहे. मी म्हटलं, वाळवी तुमच्या अंगणात आहे, आज ना उद्या घरात येईल. त्या इतकंच म्हणाल्या, "नाही येत." माझ्या तोंडावर दार लावलं.

१७ फेब्रुवारी

मोठ्या घराच्या औषधाच्या ड्रममधलं थोडं चोरून आणलं आणि खोलीभर फवारलं. वास आला नाही. बोटावर घेऊन बघितलं. नुसतं पाणी. ड्रमभर पाणी!

बाबा म्हणतात त्यांना भिंतीत मशीन चालल्यासारखं ऐकू येतं, बारीक टाक्याचं. म्हणाले, कारागीर चांगला आहे, हात थांबत नाही. हल्ली ते उशिरापर्यंत उठत नाहीत. पायांना मुंग्या येतात म्हणतात. तीन दिवस झाले, मशीनवर बसलेले नाहीत.

दादाला फोन केला, थोडे दिवस बाबांना ने म्हटलं. तो म्हणाला, एवढ्यात कंटाळलीस? मागून वहिनीचा आवाज ऐकू आला, वास घालवून ये म्हणावं. त्याने फोन ठेवला.

१९ फेब्रुवारी

वाण्याची चौकट आज मुद्दाम बघून आले. नळ्या वाळल्यात. मोडली तर आतून रिकामी. समोरच्या खिडकीवरच्याही रिकाम्या. फाटकावरच्याही. वाळवी मेलेली नाही, मेलेली असती तर किडे दिसले असते. ती उठून गेलीय. सगळ्या रस्त्यावरून.

परत येताना जमिनीकडे बघत आले. रस्त्याच्या कडेने, कुंपणांच्या खालून, मातीच्या बारीक रेघा. सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या.

समोरच्या घरातली बाई नव्या पडद्यांचं माप घेत होती. मला बघून तिने मूल कडेवर उचललं आणि आत गेली.

२१ फेब्रुवारी

आज मालकीणबाईंना जिन्यातच गाठलं. मी आरडाओरडा केला, सोवळं गेलं खड्ड्यात. मी हात ठेवलेला कठडा त्यांनी आधी पुसून घेतला. मग, जणू मी स्वयंपाकघरात नव्याने आलेली मोलकरीण आहे आणि मला चूल कशी पेटवायची ते शिकवायचंय, तशा सांगू लागल्या.

वाळवी लागायचीच. कुठे लागू द्यायची तेवढं आपल्या हातात असतं. पूर्वी त्यांनी नुसती लाकडं टाकून बघितली. लाकडं संपली की ती पुढे सरकायची. मग रिकामी खोली बांधून दिली. तिथेही ती राहिली नाही. "रिकाम्या घरात ती थांबत नाही," म्हणाल्या. "तिला ऊब लागते. श्वास लागतो. माणूस असलं की ती माणसाभोवती वस्ती करते आणि बाकीच्यांना विसरते."

मी विचारलं, आमच्या आधी तिथे कोण राहायचं? त्या म्हणाल्या, तुमच्यासारखेच. गरजू.

आणि मग म्हणाल्या की म्हातारं माणूस बरं असतं, ते हलत नाही.

मी त्यांना ढकललं. त्यांच्या मुलाने माझा दंड धरून मला फरफटत अंगणात आणून टाकलं आणि मग हात धुतले. माझ्यासमोर, साबणाने.

२३ फेब्रुवारी

दादा फोन उचलत नाही, बाबांना उभं राहता येत नाही, फाटकाशी माळी बसवलाय. पलंग भिंतीपासून ओढला, चारी पाय रॉकेलच्या डब्यांत ठेवले. सकाळी नळी छतावरून उतरलेली होती. सरळ, दोरीसारखी, हवेतून. बाबांच्या पांघरुणावर.

मोडली. जाळली. दुपारी पुन्हा.

बाबांचे पाय चेपायला बसले. ते म्हणाले, कळत नाहीये गं, जरा जोरात. घोटा हातात घेतला तर किती हलका — त्यांना थट्टा सुचली. म्हणाले, सगळ्या जगाला ठोकून बघतेस, एकदा बापालाही बघ. हसावं म्हणून मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्यांच्या नडगीवर हलकेच ठोकलं.

भद्द वाजली.

ते हसत होते. मीही हसले. हसत राहिले, कारण थांबले असते तर त्यांना कळलं असतं.

२४ फेब्रुवारी

अँब्युलन्स बोलावली. फाटकापर्यंत आली. मालकीणबाईंच्या मुलाने पत्ता चुकलाय सांगितलं, मी ओरडत धावले तर माळ्याने तोंड दाबलं. वाणी, समोरची बाई, सगळे फाटकाशी गप्पा मारल्यासारखे उभे. ड्रायव्हरने त्यांना विचारलं, इथे कोणी आजारी आहे का. सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या.

गेली.

माळ्याने माझा फोन काढून घेतला.

२५ फेब्रुवारी

बाबांना पाठीवर घेतलं. वजनच नाही. वाळलेलं कापड घ्यावं तसं. फाटकाशी रस्ता उभा होता. कोणी हात लावला नाही. नुसते उभे, खांद्याला खांदा. मी पाया पडले. वाणी म्हणाला, ताई, आमच्याही घरात म्हातारे आहेत.

परत फिरले.

बाबा मानेशी पुटपुटले की खाली ठेव, तुला ओझं होत असेल.

२६ फेब्रुवारी

त्यांच्या बोटांच्या पेरांमधून माती गळते. दुखत नाही म्हणतात. पाणी पितात. डोळे स्वच्छ आहेत. माझ्याकडे बघतात — मी पुसते, पुन्हा —

विचार करत होते. दिवसभर. माझा धंदा काय? वाळवी कुठून कुठे जाते ते ओळखणं.

ती बाबांमागे येते.

तर मग बाबा जिथे, तिथे ती.

२७ फेब्रुवारी, सकाळ

मोठ्या घरात लिहितेय. दिवाणखान्यात.

ते नाश्त्याला बसले होते. मागच्या दाराने शिरले. बाबा खांद्यावर, गादी, उशी, पांघरूण, सगळ्या नळ्यांसकट ओढत. पांढरे किडे त्या चकचकीत लाकडावर तांदळासारखे सांडले. सूनबाई किंचाळत पळाल्या, त्यांच्यामागे त्यांचा नवरा. ताट पालथं. बाबांना जेवणाच्या टेबलावर झोपवलं आणि दारांना आतून कड्या घालून कुलपं लावली, किल्ल्या खिशात टाकल्या. खिडक्यांना गज आहेतच.

मालकीणबाई बाहेर गेल्या नाहीत. म्हणाल्या, माझं घर आहे, मी का जाऊ? आणि फडकं घेऊन जमीन पुसायला लागल्या. अजून पुसतायत. पुसतात तिथे पुन्हा —

दुपार

सगळा रस्ता अंगणात जमलाय. मालकीणबाई गजांना धरून मुलाला हुकूम सोडत होत्या. दार फोडा, या दोघांना बाहेर काढा, लाकूड धुवा. मुलगा जवळ आला नाही. लांबूनच विचारलं की गादी आत आहे का. त्या म्हणाल्या, आहे. विचारलं, जिन्यावर नळ्या दिसतात का.

त्या जिन्याकडे वळल्या.

तो वाण्याशी बोलला. बाकीच्यांशी बोलला. बायकोशी बोलला. मग खिडकीपाशी आला. रडत होता, हे खरं. म्हणाला, "आई, आता काढून उपयोग नाही. तिला घर कळलं." मालकीणबाईंनी विचारलं, आणि मी? तो म्हणाला की रिकाम्या घरात ती थांबत नाही, हे तूच सांगितलंस ना.

त्यांनी त्याला लहानपणीच्या नावाने हाक मारली. तो गेला.

आता ठोकतायत. दारांवर बाहेरून फळ्या. मग खिडक्यांवर. बरेच हात आहेत. एक खिळा मारताना कोणीतरी बोटावर हातोडी मारून घेतली, बाकीचे हसले. रोजच्यासारखे.

कळत नाही किती वाजले

एका फटीतून उजेड येतोय, तिथे वही धरलीय. भिंतीत तो आवाज, सगळीकडून. बारीक टाका. जिना एकदा कण्हला आणि वरचा कठडा उभ्या उभ्या खाली — आवाजसुद्धा झाला नाही. पीठ पडावं तसं.

मालकीणबाईंनी पुसणं थांबवलं. कोपऱ्यात बसून रडतात. मला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला. थोडा वेळ झाला.

नंतर

बाबा बोलले. कोण रडतंय विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाले की तिला इकडे बोलाव, एकटी कशाला बसलीय, गारठली असेल. मी म्हटलं, बाबा, तिनेच आपल्याला — ते म्हणाले, ऐकलं मी, बहिरा नाहीये. बोलाव.

बोलावलं.

मालकीणबाई मान हलवतात. येते म्हणतात. पण उठत नाहीत. पुन्हा हाक मारली. त्या म्हणाल्या, "बाई, जरा हात दे गं, पाय सुटत नाहीये." पहिल्यांदाच हात मागितला. मी वाकले. टाचेपासून फळीपर्यंत माती, ओली, पेन्सिलीएवढी —

खरवडते म्हटलं. त्या म्हणाल्या, माझं राहू दे, आधी तुझा बघ.

माझा? मी बूट घातलेत, मला काही जाणवत नाहीये, मी उचलून —